माणिकबाईंचं भेव

माझ्या सासूबाई, माणिकबाई, कोणाच्या बापाला भीत नाहीत, हे अकोल्याच्या फुलबाजारात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. झेंडूच्या भावावरून त्यांनी एकदा दलालाची कॉलर धरली होती. मळ्यात साप निघाला तेव्हा, "सरक रे बाजूले, मले पानी देऊ दे," असं म्हणत त्यांनी त्याला काठीने ढोसून बांधापलीकडे लावलेला मी स्वतः पाहिला आहे. लग्न होऊन नांदगाव खंडेश्वरहून या घरात आले तेव्हा मी सापापेक्षा त्यांनाच जास्त घाबरायचे. दहा वर्षं झाली, अजूनही त्यांची चाहूल लागली की माझा हात आपोआप झाडूकडे जातो.

त्यामुळे नवरात्रात, चौथ्या माळेच्या सकाळी, त्या घटासमोर बसून दोन्ही हातांनी माझा पदर धरून राहिल्या तेव्हा मला ते खरंच वाटेना.

"रागिणे, जाऊ नको व."

"कुठी चालली मी? सयपाकघरात तं जाऊन राहिली."

"नको जाऊ. मले भेव लागून राहिलं."

"कायचं भेव, आई?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. देव्हारा, घट, घटावर टांगलेल्या माळा, समईत शांत जळणारा अखंड दिवा. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ते त्यांनाही दिसत होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हात मात्र थंडगार होते.

"मालूम नाई," त्या म्हणाल्या. "काई तरी होनार हाय. श्याम कुठी हाय? त्याची गाडी उलटली असन."

श्याम, म्हणजे माझा नवरा, मागच्या अंगणात झेंडूच्या क्रेट मोजत होते. त्यांना हाक मारून आणलं, समोर उभं केलं. आईंनी त्यांना डोळे भरून पाहिलं आणि लगेच दुसरी काळजी काढली, दिव्यातलं तेल संपत आलं असेल. तेल समई भरून होतं. मी दाखवलं. मग त्यांना वाटलं, घटातलं धान उगवलं नाही. ते चांगलं बोटभर वर आलं होतं. एक भीती पुसली की तिच्या जागी दुसरी यायची, आणि माझा पदर काही सुटायचा नाही. मी तिथेच बसले. थोड्या वेळाने माझंही काळीज उगाचच धडधडायला लागलं. भीतीचीही लागण होते हे मला तेव्हा कळलं.

हे पहिल्यांदा होत नव्हतं. त्यासाठी पुडीची गोष्ट सांगायला हवी.

दोन वर्षांपूर्वी आईंची बोटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर मुठी वळायच्या नाहीत. फुलं तोडणाऱ्या बाईची बोटं गेली म्हणजे सगळंच गेलं. डॉक्टरच्या गोळ्यांनी थोडं बरं वाटायचं, पण आईंना थोडं बरं कधीच चालत नाही. मग आठवडी बाजारात बसणारा एक पुडीवाला त्यांना कोणीतरी दाखवला. कागदाच्या पुड्या, आत करडी भुकटी, रोज सकाळी एक, मधातून. आठवडाभरात आई पाटीभर फुलं डोक्यावर घेऊन चालू लागल्या. झोप कमी झाली, जेवण दुप्पट झालं, चेहरा गोल गरगरीत झाला. मी शेजारणींना सांगायचे, आमच्या आईंनी साठीत बाळसं धरलं. हातावर जरा काही लागलं की निळेजांभळे डाग पडायचे, पण डागांकडे कोण पाहतं? बोटं चालत होती ना!

पुडीत काय असतं असं यंदा श्रावणात पहिल्यांदा विचारलं तेव्हा पुडीवाला म्हणाला होता, अंड्याच्या टरफलाचं भस्म आणि जडीबुटी. एरवी आमच्या घरात अंड्याचं वावडं नाही. माझे सासरे उत्तमराव तर चवीने खातात. पण सणावाराला नाही. म्हणून भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या त्या तीन दिवसांत आईंनी पुडी बंद ठेवली. विसर्जनाच्या दिवशी त्यांना असंच भेव वाटलं, असाच घाम आला, ओकाऱ्या झाल्या. महालक्ष्म्या उठल्या, पुडी सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी आई पुन्हा ठणठणीत.

यावरून कोणीही शहाणं माणूस काय समजेल? आम्ही उलटंच समजलो. आई म्हणाल्या, पुडी बंद करायला उशीर झाला, अंगात अंडं राहिलं, म्हणून महालक्ष्म्या कोपल्या. सासरे म्हणाले, असेल. श्याम म्हणाले, टेन्शन हाय, दुसरं काय. आणि मी, बारावी सायन्स झालेली, महालक्ष्म्यांचा नैवेद्य नीट झाला होता की नाही हे आठवत बसले.

नवरात्राला आईंनी पक्का बंदोबस्त केला. घट बसायच्या दिवशी त्या गोदाकाकूंना घेऊन अमरावतीला गेल्या. गोदाकाकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, आईंची धाकटी जाऊ. काका वारल्यापासून त्या पातूरजवळच्या मळ्यातच एकट्या राहतात, आणि दोघी जावांचं भांडण जितकं कडक तितकीच माया. अंबादेवीसमोर नारळ फोडून आईंनी नेम केला, नऊही माळा पुडीला हात लावणार नाही, आणि फक्त दूध-केळीवर राहीन. घरी येऊन उरलेल्या पुड्या त्यांनी धान्याच्या कोठीमागे ठेवून दिल्या.

चौथ्या माळेला भेव आलं. पाचव्या माळेला सकाळी मी फुलं घेऊन देवघरात गेले, तर आई घटासमोर कुशीवर पडल्या होत्या आणि डोळे उघडे होते. हाक मारली तर ओठ हलले, आवाज आला नाही. मी त्यांच्या नाकाशी हात धरला. श्वास लागतोय की नाही ते समजेना. मी आरडाओरडा केला. श्याम धावत आले, सासरे आले, आणि आम्ही त्यांना चादरीत उचलून फुलांच्या गाडीत घातलं.

दवाखान्यात रक्तदाब लागेना. नर्सची धावपळ, सलाईन, बोटाला टोचून साखर तपासणं. साखर खूप कमी निघाली. सासरे दाराशी उभे राहून नुसते "माणिक, माणिक" म्हणत होते. दहा वर्षांत त्यांनी बायकोला नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. मला वाटलं, संपलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला दसऱ्याचा झेंडूही आठवला, आणि मग स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर तरुण होत्या. प्रणाली इंगळे. त्यांनी आईंचा चेहरा पाहिला, बाही वर करून दंडावरचे डाग पाहिले, आणि आमच्याकडे वळून विचारलं, "कोणतं औषध चालू आहे यांना?"

"कोनतंच नाई," श्याम म्हणाले.

"नक्की?"

"नाई जी. दवा घेतच नाई ते."

श्याम खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे पुडीला दवा म्हणत नाहीत. दवा म्हणजे गोळी, इंजेक्शन. पुडी म्हणजे पुडी. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पुडी घ्यायच्या. पन ते तं घट बसल्यापासून बंद हाय."

डॉक्टरांनी पुढचं काही विचारलं नाही. नर्सला तपासणीसाठी रक्ताची एक छोटी बाटली काढून ठेवायला सांगितली, आणि लगेच एक इंजेक्शन दिलं. मला म्हणाल्या, "घरी उरली असेल तर एक पुडी घेऊन या."

मी पुडी घेऊन परत येईपर्यंत आईंचा रक्तदाब वर आला होता. ओठांना रंग आला होता. दुपारी डॉक्टरांनी मला आणि श्यामला बाजूला बसवलं.

"आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात," त्या म्हणाल्या. "तिथे एक हार्मोन तयार होतं, कॉर्टिसॉल. लोक त्याला ताणाचं हार्मोन म्हणतात. सकाळी आपल्याला उठवणारं तेच, संकटात अंगात बळ आणणारं तेच, आणि सांध्यांची सूज आवरून धरणारंही तेच. त्याचीच नक्कल औषध म्हणून मिळते, स्टेरॉइड. मला खात्री आहे, या पुडीत ते घातलेलं आहे, तेही भरपूर. दोन वर्षं बाहेरून रोज मिळत राहिलं, तेव्हा त्या ग्रंथी झोपून गेल्या."

"आन् पुडी बंद केल्यावर?" मी विचारलं.

"बाहेरचंही नाही, आतलंही नाही. दाबून ठेवलेली सूज उसळते. आणि सूज काही बोटांतच राहत नाही, तिचे निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात. वरून रक्तदाब पडला, उपासाने साखर पडली. शरीर ओरडायला लागतं, वाचवा म्हणून. ते ओरडणं यांना भीती म्हणून ऐकू येत होतं."

श्याम म्हणाले, "म्हंजे भेव खोटंच होतं ना?"

"खोटं कसं? पूर्ण खरं होतं. फक्त ते मनातून आलेलं नव्हतं." त्या पुढे म्हणाल्या, "प्रत्येकाची भीती अशी नसते. कोणाची मनात सुरू होते आणि अंगात उतरते, कोणाची अंगातून वर चढते, पुष्कळदा दोन्ही एकमेकांना वाढवतात. पण सुजेचा आजार असलेल्या माणसाला भीती जास्त छळते, हे आम्ही नेहमी बघतो. तुम्ही याला टेन्शन म्हणून घरी ठेवलं असतं, तर उद्याची सकाळ त्यांना दिसली नसती."

श्यामने मान खाली घातली. माझ्या डोळ्यासमोर महालक्ष्म्यांचे तीन दिवस आले. आणखी एक दिवस पुडी बंद राहिली असती तर?

"आता त्यांना हेच औषध योग्य मापात द्यायचं, आणि महिनोन्महिने हळूहळू कमी करायचं," डॉक्टर म्हणाल्या. "एकदम बंद करायचं नाही. कधीच नाही."

हे सगळं आई पडल्यापडल्या ऐकत होत्या. सहाव्या माळेला शुद्ध नीट आली आणि नर्सने गोळी पुढे केली, तशी त्यांनी तोंड फिरवलं.

"त्या पुडीतलंच हाय ना व याच्यात?"

"हो आजी, तेच. पण चांगलं."

"मंग तेच अंडं. दसऱ्यापर्यंत तोंडात नाई घालनार."

मी समजावलं, श्यामने हात जोडले, डॉक्टर म्हणाल्या की गोळी कारखान्यात होते, कोंबडीचा काही संबंध नाही. आई आपल्या हेक्यावर. सुई चालते, कारण सुई तोंडातून जात नाही. सलाईन चालतं. गोळी नाही. आणि इकडे कातडी इतकी पातळ झालेली की सुई लागली की शीर फुटायची; हात टोचून टोचून काळे झाले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, म्हणाल्या, "उद्यापासून गोळीवर यावंच लागेल त्यांना. तुम्हीच बघा." गोळ्यांची पट्टी मी माझ्या पर्समध्ये टाकली.

भीती मात्र पूर्ण गेली नव्हती. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं, काही दिवस येईल-जाईल. आई मधूनच दचकायच्या. घरचा दिवा विझला. श्याम पडला. पोरीले शाळेतून कोनी तरी नेलं. आम्ही प्रत्येक वेळी फोन लावायचो, दिवा जळतोय, श्याम खाली चहा पिताहेत, आमची पोरगी नांदगावला माझ्या आईजवळ आहे. हळूहळू फोन लावणंही बंद केलं. "हो आई, बरं आई," एवढंच म्हणायचो.

सातव्या माळेच्या सकाळी आई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "गोदाले काई तरी झालं."

श्याम पेपर वाचत होते. "काई नाई झालं आई. झोप तू."

"गोदाले पाहा रे कोनी."

"आई, डॉक्टरनं सांगितलं ना, हे बिमारीचं भेव हाय."

सासऱ्यांनीही मान हलवली. नर्स येऊन म्हणाली, घाबरू नका आजी, गोदा एकदम मजेत आहे. ती गोदाकाकूंना ओळखतसुद्धा नव्हती. पण श्याम आणि सासरे चहाला खाली गेले, तसं त्यांनी माझं मनगट धरलं. ते सुजलेलं बोट माझ्या हाडाला टोचलं.

"रागिणे, तुले एक सांगतो. मी गोदाले बी पुडी देत होती."

"काय?"

"तिचे गुडघे सुजत. वर्षभरापासून. कोनाले सांगू नको म्हनली, लोक म्हनतीन, एकटी बाई काय काय खाते. आन् देवीसमोर आमी दोघींनं नेम केला."

मी दिवस मोजले. तिसऱ्या माळेपर्यंत गोदाकाकू फोनवर बोलल्या होत्या, पाचव्याला आई दवाखान्यात पडल्याचं मीच त्यांना कळवलं होतं. त्यानंतर? त्यानंतर कोणी त्यांची आठवणही काढली नव्हती. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलत नाई ना?" आईंनी विचारलं. त्यांचे डोळे मोठे झाले होते, पण चौथ्या माळेला होते तसे भिरभिरे नव्हते. त्या नीट माझ्याकडे पाहत होत्या. "मले तिचंच भेव लागून राहिलं होतं व. कोनी ऐकूनच नाई राहिलं."

मी खाली जाऊन श्यामला सांगितलं आणि त्यांच्या उत्तराची वाट न पाहता स्कूटी काढली. आईजवळ कोणीतरी थांबायलाच हवं होतं, आणि खरं म्हणजे कोणाला समजावत बसण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

अकोल्याहून पातूरचा रस्ता मी शेकडो वेळा गेले आहे. त्या दिवशी तो संपेना. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्येच कोणाच्या मळ्यात पिवळाधमक झेंडू, आणि मला प्रत्येक ठिकाणी कुशीवर पडलेली बाईच दिसत होती. हँडलवर हात घामाने सरकत होते. गोदाकाकूंनी माझं पहिलं बाळंतपण काढलं होतं, पहाटे उठून मला शेपा-बाळंतशोपा आणि डिंकाचे लाडू देणारी बाई. देवी, मी मनात म्हणत होते, नेम त्यांनी केला, शिक्षा पुडीवाल्याला कर. मग स्वतःलाच शिव्या दिल्या, की बये, देवी कुठे आली यात!

मळ्यावर अश्विन होता, दसऱ्याचा माल उचलायला आलेला गाडीवाला. त्याच्या गाडीत अर्ध्या क्रेट भरलेल्या होत्या.

"काकू कुठी हाय?"

"खोलीत हाय. दोन दिवसांपासून बाहेर नाई निघाल्या वहिनी. मी आवाज देल्ला तं म्हने, देवीपाशी बसली हाय, मले बोलवू नको. मजूर लावून फुलांचा तोडा करून राहिलो."

मी दार ढकललं. आत घट होता, दिवा होता, आणि घटासमोर भिंतीला टेकून गोदाकाकू बसल्या होत्या. जिवंत होत्या. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मग त्यांचा चेहरा पाहिला. चेहरा गोल, आईंसारखाच, पण राखेच्या रंगाचा. बाजूला ओकारीचा वास. फोन कोपऱ्यात पडला होता.

"काकू, फोन काहून नाई उचलला?"

"उठता नाई येऊन राहिलं व," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "माणिकबाई गेली का? सांगायले आली का तू?"

"नाई व काकू. बऱ्या हाय ते. बसल्या हाय उठून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं. रडायलाही ताकद नव्हती, नुसती हनुवटी हलत होती. मग सगळं बाहेर आलं. नेम दोघींनी केला होता, पण गोदाकाकूंनी पाळलाच नव्हता. दसऱ्याचा झेंडू तोंडावर, गुडघे दुखले तर तोडा कसा होणार? म्हणून त्या रोज सकाळी गुपचूप पुडी घेत होत्या, देवीकडे पाठ करून. आणि पाचव्या माळेला माझा फोन गेला, आई पडल्या म्हणून.

"नेम मी मोडला आन् भोगा लागून राहिलं तिले," त्या म्हणाल्या. "मंग म्या साऱ्या पुड्या विहिरीत टाकल्या. पान्याशिवाय तोंडात काई नाई घेतलं. दसऱ्यापर्यंत मी इथून हालनार नाई. ते वाचली पाह्यजे."

म्हणजे माझ्याच फोनने हे केलं होतं. मी घाईघाईने डॉक्टरांना फोन लावला, काय दिसतंय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "शुद्धीत आहेत ना? गिळता येतंय? मग सासूबाईंच्या गोळ्या आहेत ना तुमच्याजवळ, त्यातल्या दोन आत्ता द्या, साखरपाणी द्या, आणि तसंच इकडे घेऊन या. थांबू नका."

मी साखरपाणी कालवलं, गोळ्या काढल्या. गोदाकाकूंनी तोंड घट्ट मिटलं. मी समजावलं, की तुमच्या पापाने काही झालेलं नाही, औषध एकदम तुटलं म्हणून झालं. त्यांनी मान हलवली, नाही. मी रागावले. माझा राग घरात प्रसिद्ध आहे, पण त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. अश्विनच्या मदतीने उचलायला गेले तर त्यांनी देव्हाऱ्याचा पाय धरला आणि म्हणाल्या, "मले उचलसान तं माणिकबाई मरन."

आता काय करावं? त्यांचे ओठ पांढरे पडत होते. बोलता बोलता डोळे मिटत होते. मला पाचव्या माळेची सकाळ दिसत होती, इथे तर दवाखाना तासाभरावर. माझं डोकं चालेना. मी श्यामला व्हिडिओ कॉल लावला आणि ओरडले, "आईले द्या! आईले द्या फोन!"

पडद्यावर आई आल्या. मी फोन गोदाकाकूंसमोर धरला. गोदाकाकू हात जोडून म्हणाल्या, "बाई, म्या नेम मोडला व. माह्याच्यानं झालं तुले."

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, त्या रडतील. आईंचा हात पडद्याबाहेर गेला आणि आवाज आला, "ए श्याम, ते गोळी आन इकडं. अरे त्या नर्सजवळची. आन म्हनतो ना!"

गोळी आली, पाण्याचा पेला आला. आईंनी गोळी बोटात धरून फोनसमोर आणली. गोळी दोनदा बोटांतून निसटून चादरीवर पडली. त्यांना भीती वाटत होती. देवीची भीती, खरीखुरी, लहानपणापासूनची. ती काही सलाईनने उतरणारी नव्हती. त्यांनी एकदा डोळे मिटले, कपाळाला हात लावला.

"पाय गोदा, इकडं पाय," त्या म्हणाल्या, आणि गोळी जिभेवर ठेवून पाणी प्यायल्या. मग तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवली, लहान पोर दाखवतं तशी. "गेली? दिसली? आता माहाही नेम मोडला. आता तू एकटी काय देवीची लाडकी होऊन बसली तिथी? खाय मुकाट्यानं."

तो बाजारातला आवाज होता, दलालाची कॉलर धरणारा. किती दिवसांनी ऐकला मी. गोदाकाकूंनी तोंड उघडलं. मी गोळ्या आत ठेवल्या, साखरपाणी घोटाघोटाने पाजलं, आणि अश्विनने आणि मी त्यांना उचलून गाडीत, झेंडूच्या क्रेटच्या मधल्या जागेत, चादरीवर निजवलं.

अश्विनने गाडी हाणली. गोदाकाकूंचं डोकं माझ्या मांडीवर होतं, एक हात मी त्यांच्या नाडीवर ठेवला होता आणि दुसऱ्या हातात फोन, तसाच चालू. पातूर मागे पडलं नाही तोच आईंनी विचारलं, "जित्ती हाय ना व?"

"हाय, आई."

थोड्या वेळाने पुन्हा, "बोलून राहिली का? बोलव तिले."

"बोलून राहिल्या."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पडद्यावर श्यामचा हात आला. ते आईंना हळूच म्हणत होते, "आई, आता फोन दे इकडं. झोप जराशी. हे भेव बिमारीचं हाय, डॉक्टरनं सांगितलं ना."

"अवो," मी इकडून ओरडले, "फोन राहू द्या त्यांच्यापाशी."

श्यामचा हात मागे गेला. आईंचा चेहरा पुन्हा पडद्यावर आला, घामेजलेला, भेदरलेला.

"रागिणे, पाय तिच्याकडं. जित्ती हाय ना?"

मी वाकून गोदाकाकूंच्या नाकाशी हात धरला. ऊन श्वास लागला.

"हाय आई," मी म्हणाले. "विचारत राहा तुमी."